हरिणीला घातलेला गोग्रास

आधी माझा मूर्खपणा कबूल करते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवायला नको. नेदरलँड्समधल्या एका रानटी हरिणीला मी पाच आठवडे रोज सकाळी तूप लावलेली पोळी खाऊ घातली. वर गुळाचा खडा. आणि हे पुण्याचं काम आहे अशी माझी पक्की खात्री होती.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानानं कोवळीच. आज त्या बाईकडे बघते तेव्हा हसू आवरत नाही. गुडघे ठणठणीत, केसांना कलप, आणि जगातलं सगळं आपल्याला विचारूनच चालतं असा चेहरा. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांच्या व्हिसावर ती पुण्याहून आली होती. सोबत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि न मागितलेले सल्ले. लेक-जावई आधी शहराजवळ डीमनला चौथ्या मजल्यावर राहायचे. दोन मुलींना ती जागा पुरेना म्हणून फेलुवेच्या जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात त्यांनी घर घेतलं होतं. जावई सकाळी आगगाडीनं शहरातल्या झुइडास भागातल्या ऑफिसात जायचा, लेक बाळाला घेऊन वरच्या खोलीत, आणि खाली स्वयंपाकघरात माझं राज्य.

आमच्याकडे तव्यावरची पहिली पोळी गाईची. पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई गाय घेऊन बसायची, तिथं देऊन यायचं की दिवस सुरू झाला. इथं आल्यावर पहिले चार दिवस ती पोळी ओट्यावर तशीच वाळली आणि मला करमेना. पाचव्या दिवशी मी टोपी-मफलर गुंडाळून एका गोठ्यापर्यंत चालत गेले. आत धिप्पाड काळ्यापांढऱ्या गाई, कानांत पिवळे बिल्ले. मी पोळी पुढं केली न केली तोच शेतकरी दोन्ही हात हलवत धावत आला. "नो, नो, मेफ्राऊ!" मेफ्राऊ म्हणजे बाई, एवढं ठाऊक होतं. त्याचं नंतरचं बोलणं मला कळलं नाही, पण सूर कळला. पोळी घेऊन परत आले.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मागच्या कुंपणापाशी ती उभी.

हरीण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं चित्रातलं, ठिपक्यांचं, नाजूक काहीतरी यायचं. ही आपल्या सांबराएवढी, राखी-तपकिरी, मानेला दाट केस, डावा कान टोकाशी फाटलेला. नाकातून वाफा निघत होत्या. मागं झाडीत तिचं पाडस, म्हणजे मागच्या उन्हाळ्यातलं, आता चांगलं शेळीहून मोठं झालेलं. मी दार उघडलं, पोळी कुंपणापलीकडे टाकली आणि आत पळाले. खिडकीतून बघते तर तिनं आधी हुंगली, मग खाल्ली. माझ्या अंगावर काटा आला. मी हातच जोडले.

आठवड्याभरात माझ्या बांगड्या वाजल्या की ती झाडीतून बाहेर यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात हातातून घेऊ लागली. तिची जीभ किती खरखरीत आणि गरम होती ते अजून आठवतं.

लेकीनं एकदा वरच्या खिडकीतून पाहिलं. "आई, काय चाललंय?"

"गोग्रास."

"अगं, ती गाय नाहीये!"

"तिची काही तक्रार नाही. तू बाळाकडे बघ."

मग बर्फ पडलं आणि माझं बिंग फुटलं. बर्फात खुरांची एक सरळ रेघ जंगलातून निघून थेट आमच्या मागच्या दाराशी आली होती. ती रेघ धरून आमची शेजारीण आली. साठी ओलांडलेली, जवळजवळ सहा फूट उंच, त्या गावची पूर्वीची हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर. अर्धं गाव तिच्या हातून तपासलं गेलेलं. तिच्या तळहातावर पोळीचा एक गोठलेला तुकडा होता.

"हे कोण घालतं?" तिनं इंग्रजीत विचारलं. माझं इंग्रजी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून कमावलेलं, त्यामुळे आमचं जमायचं.

"मी!" मी अशी छाती काढून म्हणाले की जसं काही सत्काराला बोलावलंय.

ती खुर्चीत बसली. चहा घेतला. मग शांतपणे, पेशंटला वाईट रिपोर्ट सांगावा तसं, सांगितलं. हिवाळ्यात या जनावरांचं पोट मंदावतं, साल आणि वाळलेली पानं यांवर हळूहळू चालतं. त्यात पोळी-गूळ गेला की आतमध्ये आंबतं. जनावर दुखण्यानं मरूही शकतं. इथं रानातल्या जनावरांना खायला घालायला बंदी आहे ती याचसाठी. "पण ते एक वेळ जाऊ दे," ती म्हणाली. "तिची भीती गेली आहे. काल ती सायकलच्या रस्त्यावर उभी होती. शाळेतली मुलं घंटा वाजवत होती, ती हलेना. परवा एका गाडीनं कसाबसा ब्रेक मारला."

"मग आता?"

"शिकारीच्या मोसमाचे थोडे दिवस उरलेत. आमच्या गटाला अजून एक मादी आणि एक पाडस घ्यायचं आहे. तीच घ्यावी लागेल."

घ्यायचं म्हणजे काय हे मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कप बशीवर आपटला. ही डॉक्टरीण शिकारीसुद्धा होती. मी म्हणाले, "एकटीनं दोन्ही कामं कशाला घेतलीस? पेशंट पुरेनात म्हणून?"

ती मोठ्यानं हसली. राग नाही आला तिला, याचाच मला जास्त राग आला.

मग तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. आई आणि पाडस दोन्ही घ्यायची असतील तर पाडस आधी. नेहमी. आई आधी गेली तर पाडस एकटं पडतं. कळपात त्याला शेवटची जागा, शेवटचा घास, आणि वसंत येईपर्यंत ते हळूहळू खंगत मरतं. "मी असं एक पाडस सापडलेलं पाहिलं आहे," ती म्हणाली. "त्या आईवर गोळी मीच झाडली होती. तरुण होते. पाडस झुडपामागं होतं, मला दिसलं नाही. तेव्हापासून कोण कोणाचं हे कळल्याशिवाय मी बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवत नाही."

आणि या दिवसांत प्रत्येक मादीच्या पोटात पुढचं पाडस असतं, हेही तिनंच सांगितलं. शहाणी माणसं हे काम डिसेंबरातच आटपतात. त्या वर्षी ओकची फळं अमाप झाली होती, जनावरं दाट झाडीतून बाहेरच पडली नव्हती, म्हणून उशीर झाला होता.

"मी येणार," मी म्हणाले.

"कुठं?"

"तू तिला मारशील तिथं. खायला मी घातलंय."

लेक हे ऐकून जिन्यातच थांबली. "आई, तुला झुरळ मारवत नाही. शेजारच्यांना हाक मारतेस."

"म्हणूनच जातेय," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मी मनात वेगळंच ठरवलं होतं. ऐनवेळी असा जोराचा खोकला काढायचा की अख्खं फेलुवे पळून जाईल. एकसष्टाव्या वर्षी माझी नीतिमत्ता खोकल्यापर्यंतच पोचली होती.

जाण्याआधी डॉक्टरणीनं अटी घातल्या. डोक्याला तेल नाही. आदल्या दिवशी घरात फोडणी नाही. हिंगाचा वास जनावरांना अर्ध्या मैलावरून येतो, म्हणे. माझा कोट दोन दिवस बाहेर दोरीवर. लेकीनं त्या दोन दिवसांत सूप आणि ब्रेड खाल्ला आणि माझ्याकडे उपाशी ठेवलेल्या बाळंतिणीनं बघावं तसं बघितलं.

उजाडायच्या आत आम्ही निघालो. जंगलात मोकळ्या माळाच्या कडेला लाकडी मचाण होतं, दहा-बारा पायऱ्यांचं. तिनं वर चढण्याआधी चिमूटभर राख हवेत सोडून वारा बघितला. माळाच्या पलीकडे वाळूचा उंच बांध. गोळी आरपार गेली तरी त्यात रुतावी म्हणून याच बाजूला मचाण. जनावर आडवं उभं हवं, थांबलेलं हवं, त्याच्या मागं दुसरं कुणी नको. यातलं एकही नसेल तर चहा पिऊन घरी. हे सगळं ती मला कुजबुजत सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई, एवढ्या अटी तर आमच्याकडे लग्न जमवतानाही नसतात.

मग तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि आम्ही गप्प बसलो.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्याच कानांतलं रक्त ऐकू येत होतं. अंधार एकदम नाही गेला. आधी बर्चची पांढरी खोडं आली, मग गवतावरचं दहिवर, मग त्या दहिवराचा निळा रंग. डॉक्टरीण हललीच नाही. माझी नात रांगोळीपुढं बसते तशी. नाकाचं पाणी गोठायला आलं तरी पुसलं नाही तिनं.

आणि मग माळ भरला. आवाज न करता. डोळे मिटून उघडले तर समोर अकरा जनावरं उभी होती. कुठून आली ते मी पाहिलंच नाही. त्यांच्या पाठीवर दहिवर होतं, तोंडांतून वाफ, आणि सूर्य मागून आल्यामुळे त्या सगळ्या वाफेला रंग चढला होता. मी देवळात, घाटावर, हिमालयातसुद्धा जाऊन आले आहे. तिथं मनात काही ना काही मागणं असायचं. इथं काहीच सुचेना. खोकायचं विसरले. मी दुर्बीण डोळ्यांना लावायला हात वर केला.

बांगड्या वाजल्या.

तेल काढलं होतं, हिंग बंद केला होता, पण हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे ना तिचं लक्ष गेलं ना माझं. दहा जनावरांच्या माना ताठ झाल्या. अकरावीनं, डाव्या फाटक्या कानाच्या हरिणीनं, आमच्याकडे चालायला सुरुवात केली.

पळत नाही. सावकाश, रोजच्यासारखी. मागोमाग तिचं पाडस. ती मचाणापासून वीस पावलांवर येऊन थांबली, आडवी, मागं वाळूचा बांध. डॉक्टरणीला यापेक्षा सोपी संधी उभ्या आयुष्यात मिळाली नसेल. हरिणीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पोळीसाठी.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी पाच आठवडे काय शिजवत होते.

डॉक्टरणीनं रायफल खाली ठेवली. "नाही," ती म्हणाली. "ही तुझ्याकडे आली आहे. असं मी घेत नाही." मग माझ्याकडे वळून, कुजबुज सोडून, चक्क दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "उतर खाली. हाकल तिला. तिला तुझी भीती वाटली पाहिजे. तुझीच, माझी नाही. आठ दिवस आहेत. नाही जमलं तर मला यावं लागेल."

मी उतरले. "हो बाजूला!" म्हणाले. ती दोन पावलं पुढं आली. "निघ, मेले! चालती हो!" ती बघतच राहिली. शेवटी गोठलेलं ढेकूळ उचलून मी फेकलं. ते तिच्या खांद्याला लागलं. ती दचकली, पण गेली नाही. लहान मुलाला आईनं पहिल्यांदा मारलं की ते जसं आधी रडत नाही, नुसतं बघतं, तसं बघत राहिली. मी दुसरं ढेकूळ मारलं. तिसरं. रडत, शिव्या देत. तेव्हा कुठं ती वळली.

पुढचे सात दिवस हाच उद्योग. पहाटे उठून मी परात आणि लाटणं घेऊन मागच्या दारी उभी. ती आली की परात बडवायची, तोंडाला येईल ते बोलायचं, ढेकळं मारायची. वरून बाळ रडायचं, लेक ओरडायची, "आई, शेजारी पोलिसांना बोलावतील!" मी म्हणायचे, "शेजारणीनंच सांगितलंय!" चौथ्या दिवशी ती कुंपणापासून लांब उभी राहिली. सहाव्या दिवशी दाराची कडी वाजताच पळाली, पाडस पुढं, ती मागं, आणि इतकी उंच उडी मारून खंदक ओलांडला की मी परात हातात धरून तशीच उभी राहिले. एवढं देखणं काही माझ्यापासून पळून जाताना मी पाहिलं नव्हतं. सातव्या दिवशी आलीच नाही.

मी विजयी वीरासारखी डॉक्टरणीकडे गेले. "वाचली!"

"वाचली," ती म्हणाली. तिनं मला जवळ घेतलं. मग म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस. एक मादी आणि एक पाडस अजून घ्यायचं आहेच. तू येतेस?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी सुटली म्हणजे हिशोब मिटला, असं मी धरून चालले होते. जंगलात हिवाळ्याच्या शेवटी चारा जेवढा तेवढाच. किती जनावरं ठेवायची ते ठरलेलं. माझ्या हरिणीच्या जागी आता दुसरी कुणीतरी होती, जिनं माणसाच्या हातचं काही खाल्लं नव्हतं, जिची काही चूक नव्हती. घरी जाऊन लपावंसं वाटलं. पण मी बांगड्या काढून ठेवल्या आणि गेले.

त्या पहाटे नऊ जनावरं आली. फाटक्या कानाची त्यांत नव्हती. डॉक्टरणीनं वीस मिनिटं नुसतं बघितलं. तीन माद्या, दोन पाडसं, बाकी गेल्या-आदल्या वर्षीची पोरंसोरं. हिवाळ्याच्या केसांत सगळी सारखीच दिसत होती. एक पाडस कडेला मोकळं उभं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माद्या. डॉक्टरीण माझ्या कानाशी आली. "ते कोणाचं? डावीचं वाटतं मला, पण खात्री नाही. शिवाय डावीपुढं फांदी येतेय, नीट दिसत नाही."

मी शाळेतली बाई. पालकसभेला दारातून आत येणाऱ्या घोळक्यात कोणतं मूल कोणत्या आईचं हे मी तीस वर्षं ओळखलं. तोंडावळ्यावरून नाही, आई थबकली की कोण थबकतं, त्यावरून. मी बघत राहिले. उजव्या मादीनं खाणं थांबवून डोकं उचललं. पाडसानं उचललं. तिनं खाली घातलं, त्यानं घातलं. डावी मादी तीन पावलं पुढं गेली, पाडसाला पत्ताही नाही.

खोकला हाताशी होता. "सांगता येत नाही" म्हणता आलं असतं, मोसम संपला असता, आणि माझे हात स्वच्छ राहिले असते. पण डॉक्टरणीनं मला खंगून मेलेल्या पाडसाची गोष्ट सांगितली होती.

"उजवीचं," मी म्हणाले.

तिनं आणखी थोडा वेळ बघितलं. माझं म्हणणं पडताळून पाहिलं, आणि मान हलवली. मग आवाज झाला. पाडस जागीच बसलं, पाय दुमडून, जसं काही झोप आली. कळप उधळला. आणि कळपातून एकटी उजवी मादी थांबली, वळली, परत आली. त्याच्याकडे. मी बघायचं ठरवलं होतं, म्हणून बघितलं. दुसरा आवाज झाला.

आम्ही लगेच उतरलो नाही. ती घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबली. जनावराला शांतपणे जाऊ द्यायचं असतं. मग खाली जाऊन तिनं पाइनच्या दोन कोवळ्या डहाळ्या मोडल्या आणि आधी पाडसाच्या, मग आईच्या तोंडात ठेवल्या. इकडच्या शिकाऱ्यांची रीत आहे ती, शेवटचा घास. टोपी काढून उभी राहिली. मला आमच्याकडचं तुळशीपत्र आठवलं. मी पण उभी राहिले, चप्पल काढायची सवय, म्हणून बूट काढायला वाकले, तिनं दंडाला धरून थांबवलं, "पाय गोठतील तुझे."

नंतर तिनं चाकू काढला. डॉक्टरचे हात ते. एकही हालचाल जास्तीची नाही. मांस वाया जाऊ नये म्हणून हे तिथंच, ताबडतोब करायचं असतं. थंडीत त्या शरीरातून जी वाफ वर गेली ती झाडांच्या शेंड्यांपर्यंत मी नजरेनं पोचवली. आणि मग तिनं मला बोलावून दाखवलं. पातळ पिशवीत, मांजराएवढं, पूर्ण झालेलं. पापण्या मिटलेल्या. खूर होते त्याला, इवले, पांढरे, खोबऱ्यासारखे मऊ. मी बोट लावलं. मी दोन मुलांची आई, दोन नातींची आजी, आणि आत हे सगळं एवढ्या निगुतीनं चाललेलं असतं हे मला त्या दिवशी दिसलं.

तिनं ते परत आईच्या आतड्यांजवळ ठेवलं आणि वर वाळकी पानं ओढली. कोल्ह्या-कावळ्यांसाठी.

पाडस दुसऱ्या खेपेला ठेवून मादीला घसरगाडीवर बांधलं. दोराचं एक टोक तिनं घेतलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मला चालवेना. मी विचारलं, "मी उजवीचं म्हणाले नसते तर?"

ती थांबली. कपाळावरचं रक्त बाहीनं पुसलं, आणि म्हणाली, "तर मी आज गोळी झाडली नसती, आणि तू घरी जाऊन म्हणाली असतीस की आपण एक जीव वाचवला. तू बरोबर पाहिलंस, म्हणून आज रात्री या जंगलात कुणी आईला शोधत नाहीये. आता रडायचं असेल तर रड, पण दोर घट्ट धरून रड, ही मला एकटीला गाडीपर्यंत ओढवत नाही."